सरकी की ज्वारी?

शाळेच्या स्टाफरूममधून दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी जात नाहीत: खडूची भुकटी आणि किस्से. भुकटीचं शिपाई बघून घेतो. किस्से मात्र आमच्यासारख्या रिटायर मास्तरांच्या वाट्याला येतात. आम्ही चार जुने मास्तर जमलो की कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो डबा आठवतो का?"

आठवतो तर! देश स्वतंत्र होऊन दोन-चार वर्षं झाली होती. नरडाण्यापासून दोन कोसांवर आमचं हायस्कूल. हेडमास्तरांना सगळा गाव 'नाना' म्हणायचा. आमच्या पोरांना कॉलेज म्हणजे धुळं, नाहीतर जळगाव. तिथल्या होस्टेलात खोली मिळायची ती नानांच्या पत्रावर. 'हा विद्यार्थी टिकेल, शाळेची हमी', एवढीच ओळ. पत्र नाही तर खोली नाही, आणि खोली नाही तर खेड्यातल्या पोराचं कॉलेजही नाही.

पहिल्या वर्षी नानांनी मागेल त्याला पत्र दिलं. निम्मी पोरं दिवाळीलाच गाठोडी घेऊन परत! "माझा शब्द मातीत गेला," म्हणून नाना आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. मग त्यांनी पद्धत काढली. प्रिलिम झाली की एकेका मुलाचं नाव वाचायचं आणि सात मास्तरांनी मत द्यायचं. तोंडी मत दिलं की भांडणं होत, म्हणून पत्र्याचा डबा. पाठवायचं असेल तर मुठीतून आत सरकी सोडायची, नसेल तर ज्वारीचा दाणा. सुपडू शिपाई डबा एकेकापुढे धरायचा. नाना तो टेबलावर उपडा करायचे. चार सरक्या निघाल्या की पत्र!

* * *

आमचे सायन्सचे पाटील सर प्रत्येकाला सरकी टाकायचे. "मी शेतकऱ्याचा पोरगा. उगवेल की नाही ते जमीन बघेल, आपण पेरायचं!" संस्कृतचे शास्त्री सर प्रत्येकाला ज्वारी. "कॉलेजात जाऊन पोरं केसांना तेल लावायला शिकतात, दुसरं काही नाही."

एका वर्षी नाना वैतागून म्हणाले, "तुम्ही दोघं घरी जा. बेरीज तीच येते!"

दोघंही गेले नाहीत. पोराचं नशीब ठरताना उठून जायची हिंमत कुणालाच नव्हती.

* * *

या डब्यानं पंचक्रोशीत लग्नं लावली, हे कुणाला खरं वाटणार नाही. बोर्डाचा निकाल लागायचा जूनमध्ये आणि लग्नाचे मुहूर्त असायचे वैशाखात. त्यामुळे बाप फाल्गुनातच शाळेच्या पायरीवर हजर! "नाना, मना पोऱ्या कालेजले जाई का नही, तितलं सांगा. जावाना नही व्हई ते लगीन लाई टाकसू."

भगवान नावाच्या पोराला पाच ज्वारी पडल्या. बापानं अक्षय्यतृतीयेला बार उडवून दिला. आम्ही सातही मास्तर पंगतीला होतो.

जूनमध्ये निकाल लागला. नवरदेव सेकंड क्लास, शाळेत पहिला! आमची तोंडं बघण्यासारखी झाली. आता पत्र द्यावं तर होस्टेल कधीच भरलेलं. नाना स्वतः त्याच्या घरी माफी मागायला गेले, मी सोबत. बाप डोक्याला हात लावून ओट्यावर बसला होता.

तेवढ्यात दाराआडून नव्या सुनेचा आवाज आला. "मनं माहेर धुयानंच शे. तठे राहतीन."

तो पोरगा धुळ्याला सासरी राहून बी. ए. झाला. नाना परत येताना वाटेत एवढंच म्हणाले, "आपल्या पाच जणांपेक्षा ती शहाणी निघाली."

* * *

पुढचा किस्सा मी सहसा सांगत नाही.

तापीकाठच्या वस्तीवरचा गुलाब नावाचा मुलगा होता. रोज पाच मैल चालत यायचा आणि शेवटच्या बाकावर बसायचा. वर्षभरात माझ्या इंग्रजीच्या तासाला त्यानं तोंड उघडलं नाही. पेपर बरे असायचे. पण मी मनाशी म्हटलं, हा शहरात बोलणार कुणाशी? बुजेल, पळून येईल. मी ज्वारी टाकली.

डबा उपडा झाला. तीन सरक्या, चार ज्वारी.

गुलाब पास झाला, चांगल्या मार्कांनी. पत्र नव्हतं म्हणून कॉलेज नाही. पुढे तो रेल्वेत खलाशी, म्हणजे लाइनवरचा हरकाम्या, म्हणून लागला. एकदा मी नरडाण्याला गाडीतून उतरलो, तर हातातली झेंडी काखेत धरून धावत आला. माझी पिशवी घेतली, टांग्यापर्यंत आणून दिली. आणि बोलत होता! लाइनवरच्या गमती, साहेबाची नक्कल, धाकट्या भावाची शाळा, थांबेचना.

टांग्यात बसताना म्हणाला, "सर, तुमी इंग्रजी शिकाडं म्हणीसन ही नोकरी लागनी."

त्या चार दाण्यांतला एक माझा होता. मी त्याला ते सांगितलं नाही. लाज वाटली, आजही वाटते.

* * *

आणि एक सुपडूच्या लेकीचा, लीलाचा.

सुपडू आमचा शिपाई. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, घरात दोन लहान भावंडं. सकाळी भाकरी थापून, धाकट्यांना जेवू घालून लीला शाळेत यायची, तरी वर्गात पहिली. मॅट्रिकला बसलेली आमच्या शाळेची ती पहिली मुलगी. ती धुळ्याला गेली तर सुपडूच्या घरी चूल कोण पेटवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नानांनी नाव वाचलं. सुपडूनं नेहमीसारखा डबा धरला. पाटील सर, मी, मग एकेक करत शेवटी शास्त्री सर. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

नानांनी डबा उपडा केला. मोजलं. पुन्हा मोजलं.

सात सरक्या. शास्त्री सरांचीसुद्धा! आणि बाजूला एक ज्वारीचा दाणा.

मास्तर सात, दाणे आठ. सगळ्यांनी मान खाली घातली. नाना हळूच म्हणाले, "सुपडू, हा कोणाचा?"

"बापना शे, नाना."

पाटील सरांनी चष्मा काढून पुसला. मग नानांनी कागद ओढला आणि तिथेच पत्र लिहिलं, आम्हा सगळ्यांच्या समोर. ओळ तीच. पाकिटात घातलं, पत्ता घातला. शाळेचं टपाल पोस्टात टाकायचं काम सुपडूचं. नानांनी पाकीट त्याच्याच हातात दिलं.

मला राहवलं नाही. "नाना, मी टाकतो."

"नको," नाना म्हणाले.

सुपडू गेला. पोस्ट चार घरं सोडून होतं. तास संपला, दुसरा संपला, मधली सुट्टी झाली, घंटा पाटील सरांनी दिली. सुपडूचा पत्ता नाही. नाना टेबलाशी बसून होते, पुढ्यातलं रजिस्टर सकाळपासून एकाच पानावर उघडं.

शेवटच्या तासाला तो आला. टोपी हातात होती. नानांच्या दारात उभा राहिला.

"नाना, पत्र पेटीमा टाकं. पाकीटले तिकीट नव्हतं," तो म्हणाला. "मी लाई दिधं."