खिडकीही दिसायला हवी, सोफाही

आमच्या दादाला त्याच्या धंद्यातले लोक रंगारी म्हणतात. दादाला वाटतं, हे कौतुक आहे. मी त्याची धाकटी बहीण. स्टुडिओचा काउंटर सांभाळते, लॅमिनेशन करते, पासपोर्टच्या फोटोला आलेल्यांना केस कानामागे घ्यायला सांगते. त्यामुळे लोक त्याला काय म्हणतात आणि का म्हणतात, दोन्ही मला ठाऊक आहे. तरी इतक्या वर्षांत मी त्याचा गैरसमज दूर केलेला नाही. घरात एक तरी माणूस समाधानी असावा.

दादा विकायला काढलेल्या घरांचे फोटो काढतो. लग्नाचं काम ड्रोनवाल्यांनी पळवलं, आणि नुसत्या पासपोर्ट फोटोंवर स्टुडिओ चालत नाही. म्हणजे एजंट मॅडम सांगतील ती घरं, एवढाच आमचा खरा धंदा. घराच्या फोटोत अडचण एकच असते. खोलीत अंधार असतो आणि खिडकीबाहेर ऊन. डोळ्याला दोन्ही दिसतं, कॅमेऱ्याला एका वेळी एकच झेपतं. सोफा नीट आला की खिडकी पांढरीफटक, खिडकी नीट आली की सोफा गायब. म्हणून कॅमेरा स्टँडवर ठेवून एकाच जागेवरून तीन फोटो काढायचे, एक काळसर, एक मधला, एक फटफटीत, आणि कॉम्प्युटरवर तिन्हींचा मिळून एक करायचा. याला एचडीआर म्हणतात. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं आहे.

इथून पुढे दादा सुरू होतो. त्याच्या फोटोत आकाश शाईच्या दौतीसारखं निळं असतं. सोफ्याचा धागा न् धागा मोजून घ्यावा. खिडकीच्या चौकटीभोवती पांढरं तेजोवलय, आणि सावली म्हणाल तर औषधालाही नाही. पलंगाखाली काय काय ठेवलंय, तेसुद्धा स्वच्छ दिसतं. एका घरमालकिणीला तिची दोन वर्षांपूर्वी हरवलेली चप्पल दादाच्या फोटोत सापडली.

हे असंच चाललं असतं, पण एक आजोबा आडवे आले. त्यांची नजर अधू होत चालली होती, वाचायला भरपूर उजेड हवा होता, म्हणून त्यांनी दादाचे फोटो बघून नऊ घरांतून एक निवडलं. आत आले, चारही खोल्या फिरले आणि एजंट मॅडमना त्यांनी शांतपणे विचारलं, "फोटोतलं घर कुठंय?"

मॅडम दुसऱ्याच दिवशी स्टुडिओत आल्या. बसल्यासुद्धा नाहीत.

"रंगारी, मला घराचा फोटो हवाय, मिठाईच्या खोक्याचा नको. एका नर्सबाईंचं घर विकायचंय, पुढच्या बुधवारी त्याचे फोटो द्या. जसं आहे तसं दिसलं पाहिजे. नाहीतर मी दुसरा माणूस बघून ठेवलाय."

त्या गेल्यावर दादाने काचेचं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "सॉफ्टवेअर बदलावं लागणार."

कुठल्याही संकटावर दादाकडे हा एकच उतारा आहे. त्याने पाच सॉफ्टवेअर फुकटच्या मुदतीवर उतरवून घेतली, नर्सबाईंच्या घरी जाऊन फोटो काढून आला आणि कामाला लागला. पहिल्यात 'नैसर्गिक' असं लिहिलेलं बटण होतं. ते दाबलं की सोफा आतून दिवा लावल्यासारखा उजळायचा. दुसरं काम बरं करायचं, पण फोटोवर आडवं स्वतःचं नाव छापायचं. तिसऱ्याला हलणाऱ्या वस्तू खपत नव्हत्या. तीन फोटोंमध्ये पंख्याच्या वाऱ्याने पडदा जरा हलला होता, तर त्याने तो पडदाच अर्धा खाऊन टाकला. चौथ्यात सेहेचाळीस पट्ट्या होत्या, ही पुढे सरकवा, ती मागे सरकवा. पाचवं आमच्या लॅपटॉपवर उघडलंच नाही, त्यामुळे दादाच्या मते तेच सगळ्यात चांगलं असणार.

मग त्याने फोटोग्राफरांच्या ग्रुपवर सल्ला मागितला. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचे मार्ग बरेच आहेत, त्यातला हा खात्रीचा. एकाने लिहिलं, एचडीआर म्हणजे पाप, एकच फोटो काढा आणि गप्प बसा. दुसरा म्हणाला, तीन कसले काढता, नऊ काढा. तिसरा खिडकी हाताने, ब्रशने रंगवून भरायचा, एका खिडकीला चार तास. त्याच्या संसारात इतर कामं कोण करतं, हे त्याने लिहिलं नव्हतं.

सोमवारी दादाने परीक्षा ठेवली. लॅपटॉपवर चार फोटो, छापील नाव पुसलेलं, खाली आकडे, कुठल्या सॉफ्टवेअरचा कुठला ते सांगायचं नाही. परीक्षक म्हणून मी, शाळेतून दमून आलेली वहिनी आणि शेजारच्या दुकानातले शिंपीकाका.

"अहो, चारही सारखेच आहेत," वहिनी म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

शिंपीकाकांनी चष्मा पुसून चारही फोटो बारकाईने पाहिले आणि पडद्याची शिलाई तिरकी आहे असा निकाल दिला. मी तीन नंबर निवडला. दादाला तो निकाल पसंत पडला, कारण त्याचाही तीनच होता. ते होतं आमचं जुनंच, सात वर्षांपूर्वी घेतलेलं साधं सॉफ्टवेअर, पडदा खाणाऱ्याच्या जागी दादाने घुसवलेलं. तीन फोटो जोडायचे, फार उजळ ते जरा उतरवायचं, फार गडद ते जरा उचलायचं, बास. पाच नव्यांशी झटून दादा जुन्याकडे परत आला होता आणि चेहरा मात्र शोध लावल्यासारखा.

बुधवारी सकाळी त्याने बारा फोटो पाठवले. अर्ध्या तासात मॅडमचा फोन. स्पीकरवर नव्हता, तरी मला ऐकू आला.

"घरात पूर आलाय का हो? भिंती निळ्या, सोफा निळा, पलंग निळा!"

दादाने पुन्हा फोटो उघडले. आमच्या स्क्रीनवर झकास दिसत होते. त्याने ते स्वतःच्या मोबाईलवर पाहिले. निळे. वहिनीच्या मोबाईलवर. निळे. तो बावचळून माझ्याकडे बघायला लागला आणि मी नजर चुकवून काउंटरवरची पाकिटं लावायला लागले.

कारण मला कळलं होतं. पहिल्याच दिवशी सकाळपासून स्क्रीनला चिकटून त्याचे डोळे लालभडक झाले होते, म्हणून मी लॅपटॉपमध्ये डोळ्यांना आराम देणारी ती पिवळट सेटिंग चालू करून ठेवली होती. कायमची. त्याला न सांगता. पिवळ्या स्क्रीनवर पांढरी भिंत पांढरी दिसावी म्हणून दादा बिचारा सहा दिवस थेंबथेंब निळा घालत राहिला, आणि आम्ही तिघा विद्वानांनी त्याच स्क्रीनपुढे बसून नैसर्गिक काय ते ठरवलं.

मी सांगून टाकलं. वाटलं, आता हा घर डोक्यावर घेणार.

"माझे डोळे लाल झाले होते?" एवढंच त्याने विचारलं.

त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला स्वतःचा भयंकर राग आला. त्याचं उरलंसुरलं काम माझ्या काळजीपायी जाणार होतं.

त्याने मॅडमना फोन केला, चूक आमची आहे म्हणाला. 'आमची' म्हणाला, 'बहिणीची' नाही. मॅडम म्हणाल्या, "चार वाजता मी त्या घरी येतेय. तेव्हा काय असेल ते दाखवा, नाहीतर विषय संपला."

मी स्टुडिओला कुलूप घातलं आणि त्याच्याबरोबर गेले. नर्सबाई लेकीकडे राहायला गेल्या होत्या, सामान जिथल्या तिथे होतं. दादाने नव्याने तीन-तीन फोटो काढले आणि नेहमीसारखा स्टुडिओकडे न पळता तिथेच सोफ्यावर बसला, लॅपटॉप मांडीवर घेऊन. पिवळी सेटिंग बंद केली आणि ती खरंच बंद झाल्याची मला दोनदा खात्री करायला लावली. मग वर बघायचा, खाली बघायचा. पट्टी जरा सरकवायची, पुन्हा वर बघायचं. शेकड्याने घरांचे फोटो काढलेला हा माणूस कुठल्या घरात पहिल्यांदाच टेकला होता.

आतल्या खोल्यांकडे जाणारा पॅसेज त्याने सवयीने उजळला. वर पाहिलं. उजेड परत उतरवला.

"पॅसेज अंधारा वाटतोय," मी म्हटलं.

"आहेच अंधारा," तो म्हणाला.

मॅडम चारला आल्या. लॅपटॉपवर पाहिलं, खोलीकडे पाहिलं, पुन्हा लॅपटॉपवर. खिडकीबाहेरचं झाड दिसत होतं, सोफा दिसत होता आणि पॅसेज जितका काळोखा होता तितकाच होता.

"बरोबर आलेत," त्या म्हणाल्या. "पण मग यात तुम्ही केलंत काय? असे तर माझ्या मोबाईलवरही येतील. मीच काढत जाईन ना."

आठवडाभर घासून काही केलेलं दिसू नये अशी किमया माणसाने साधली, आणि त्याचं हे बक्षीस. आणि आमचा सत्यवादी दादा मान डोलावत म्हणतो काय, "हल्ली मोबाईलवर येतात खरे."

माझं डोकंच फिरलं.

"काढा," मी मॅडमना म्हटलं. "आत्ता काढा. इथेच उभ्या राहून."

त्यांनी मोबाईल धरला आणि काढला. फोनने आपणहून सगळं उजळून दिलं. आकाश निळंशार, लाकडी टेबल नारिंगी, पॅसेज दवाखान्याच्या वॉर्डासारखा लख्ख. मॅडमनी तो फोटो पाहिला. मग चार पावलं चालून त्या पॅसेजमध्ये गेल्या आणि भिंतीवर हाताने दिव्याचं बटण चाचपायला लागल्या. सापडेना. दोन मिनिटांनी बाहेर आल्या.

"मंगळवारी अकराला पुढचं घर," त्या म्हणाल्या. "पत्ता पाठवते."

बाहेर पडल्यावर दादा स्टँड खांद्यावर टाकून चालत होता. कोपऱ्यावर म्हणाला, "मॅडमच्या फोनने एका सेकंदात जोडले गं. मला सात दिवस लागले."

"फोनने पॅसेज बघितला नाही," मी म्हटलं. "तू बघितलास. मला तुझा अभिमान वाटला, दादा."

तो जागच्या जागी थांबला. स्टँड खाली ठेवला आणि ताप आहे का म्हणून माझ्या कपाळाला हात लावून बघितला.