गॅस भरताना सगळ्यांनी उतरायचं

घरात कोणी नसलं की इंदूबाई दुपारी दिवाणावरून उतरायचा सराव करत. दिवाण मोटारीच्या सीटएवढाच उंच होता. आधी डावा पाय बाहेर, मग दोन्ही हातांनी उजवी मांडी उचलून तो पाय बाहेर, मग खिडकीचा गज धरून उभं राहायचं. उजव्या खुब्यात गेल्या वर्षी लोखंड बसवलं होतं. उभं राहताना ते आत कुठंतरी अडे. अडलेलं सुटेपर्यंत त्या ओठ दाबून थांबत आणि वॉकरला हात न लावता दारापर्यंत जाऊन येत.

हे सगळं कशासाठी, तर मुलाला गाडीत गॅस भरता यावा म्हणून.

नयनची गाडी पेट्रोलवर चालायची आणि गॅसवरही. पेट्रोल भरताना माणसं आत बसून राहिली तरी चालतं. गॅस भरताना मात्र गाडी बंद करून सगळ्यांनी उतरायचं आणि पिवळ्या पट्ट्यापलीकडे जाऊन उभं राहायचं. संक्रांतीनंतर सगळे कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला निघाले, तेव्हा लोहाऱ्याच्या पंपावर इंदूबाईंना उतरता आलं नव्हतं. पंपावरच्या माणसानं नळी लावायला नकार दिला, मागच्या ऑटोंनी हॉर्नचा कल्ला केला आणि इतका वेळ धरलेली रांग सोडून नयनला पेट्रोलवर जावं लागलं. कळंब येईपर्यंत तो पेट्रोलचा काटा बघत राहिला. त्याची बायको अर्पिता तेवढी बोलत होती. तेव्हापासून कुठंही जायचं निघालं की घरात एकच ठरे, "बुढीले राहू दे. गॅस भरा लागते."

इंदूबाईंची त्याला हरकत नव्हती. फिरायची हौस त्यांना कधीच नव्हती. लग्न होऊन आर्णीजवळच्या खेड्यात आल्या त्या तिथंच राहिल्या. मारोतरावांच्या बरोबरीनं कापूस वेचला, तूर झोडली. चालत्या बंडीतून उडी मारून बैलांपुढं होण्यात गावात त्यांचा हात कोणी धरत नसे. मारोतराव गेले, शेत बटईनं दिलं आणि नयन त्यांना यवतमाळला घेऊन आला. मागची खोली त्यांची. सकाळी धुरपताबाई येऊन अंघोळ घालून जाई, तेवढं एक माणूस त्यांच्याशी बोले.

पण आता ढाणकीला मानी आजारी होती. त्यांची पाठची बहीण. पोटात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मानीचा नवरा वारला तेव्हा इंदूबाई स्वतः दवाखान्यात होत्या, खुब्याचे टाकेही ओले होते. नयननं तसं कळवलं होतं, असं तो म्हणे. मानीला ते कोणी सांगितलं नाही, की तिला खोटं वाटलं, कोण जाणे. तेव्हापासून ती थोरल्या बहिणीशी फोनवर बोलत नव्हती. इंदूबाईंना एकदाच तिच्या खाटेवर बसायचं होतं आणि लुगडं सारून खुब्यावरचा वण तिला दाखवायचा होता. दुसरं काही नाही.

"एक डाव पेट्रोल टाक न बापा," त्या नयनला म्हणाल्या. "त्याले उतरा नाही लागत."

"ढाणकी काय इथं आहे? मंग गॅसची टाकी कायले बसवली म्या?"

"तं मी उतरीन."

"उतरशीन?"

"हाव."

"संक्रांतीलेही हावच म्हटलं होतं आईनं," स्वयंपाकघरातून अर्पिता म्हणाली.

इंदूबाई खुर्चीवरून उठल्या, टीव्हीपर्यंत गेल्या, परत आल्या आणि मग सगळ्यांकडे बघितलं. नातीनं, खुशीनं, मोबाईलमधून मान वर केली. "आजी, तिथं लोकं असतात हं. अशी झुलत झुलत नको चालजो."

रविवारी निघाले. वॉकर अंगणातच राहिला. डिकीत गॅसची टाकी, टाकीवर बॅगा. वॉकर सीटवर ठेवा म्हटलं तर अर्पिता म्हणाली, "म्हंजे खुशीच्या मांडीवर ठेवू काय?"

लोहाऱ्याच्या पंपावर रांग रस्त्यापर्यंत आली होती. पलीकडे पेट्रोलच्या बाजूला माणसं काचा लावून गाडीत बसली होती, एक बाई तर आत बसून लेकराला पेज भरवत होती. नयनची गाडी मशीनपाशी आली. "चला, उतरा सगळे," पंपावरचा माणूस म्हणाला.

इंदूबाई उतरल्या. डावा पाय, मग मांडी उचलून उजवा. दाराला धरून उभ्या झाल्या. खुबा अडला, सुटला. पिवळा पट्टा घरच्या दिवाणापासून दारापर्यंतच्या अंतरापेक्षा लांब होता, पण त्या तो ओलांडून गेल्या. अर्पिता आणि खुशी भिंतीच्या सावलीत जाऊन उभ्या होत्या. इंदूबाईंना तिथवर जायचं धाडस झालं नाही. त्या उन्हातच एका खांबाला धरून राहिल्या.

"प्रेशर कमी आहे साहेब, टाइम लागंल."

"लागू दे. फुल कर."

रांगेतल्या एका ऑटोवाल्यानं ऑफिसच्या दारातली प्लास्टिकची खुर्ची उचलून आणली. "बसा आजी."

"राहू द्या भाऊ," नयन म्हणाला. "बसली की उठत नाही ते."

खुर्ची परत गेली. गॅस भरून झाला तेव्हा मागचे हॉर्न वाजवत होते, म्हणून नयननं गाडी थेट हवा भरायच्या मशीनपुढं नेली. इंदूबाई तिथवर चालत गेल्या. गाडीत बसल्या तेव्हा पदर घामानं भिजला होता आणि त्या हसत होत्या. "उतरली न मी?"

"उतरली," नयन म्हणाला.

"बरं झालं," अर्पिता म्हणाली. "आता चालता येते तुम्हाले. मंग त्या धुरपताबाईले कायले ठेवाचं?"

इंदूबाईंनी मान हलवली. आज त्यांना सगळं कबूल होतं.

आर्णी गेली तशी मांडी ताठ होत गेली. महागावच्या पुढं पायाला पाय लागला तरी कळेना. त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर गाडी मागं वळली असती.

ढाणकीत मानीच्या गल्लीत पाइपलाइनसाठी खोदलं होतं. गाडी कोपऱ्यावर थांबली. तिथून मानीचं दार दिसत होतं. इंदूबाईंनी डावा पाय बाहेर काढला. दोन्ही हातांनी उजवी मांडी धरली. उचलेना. परत धरली.

"उतर न," नयन म्हणाला.

"नाही होऊन राह्यलं बापा. धर मले."

"पंपावर तं टणाटण उतरली. इथं काय झालं? बहिणीच्या दारात लाड?"

"धुरपताबाईचं नाव काढलं न म्या," अर्पिता म्हणाली, "तवाच दुखाले लागला असंल पाय."

"नाही व माय. तिले उद्याच काढ. आज मले आत नेऊन दे."

मानीची सून धावत आली. घरात दुसरं माणूस नव्हतं, तिचा नवरा औषधं आणायला उमरखेडला गेला होता. "हे येतीलच तासाभरात. दोघं मिळून मावशीले खुर्चीवर उचलून आणतील. तवरक चहा टाकतो मी."

"गल्लीतून बुढीची वरात काढता काय?" नयन म्हणाला. "अन् तासभर थांबलो तं लोहाऱ्याले पुन्हा रांग. उद्या ऑफिस आहे मले." तो खोदलेल्या मातीवरून उड्या टाकत एकटाच आत गेला. खुशी मोबाईल घेऊन मागोमाग गेली. जाताना म्हणाली, "मम्मी, व्हिडिओ कॉल उचलजो."

अर्पितानं तिचा मोबाईल इंदूबाईंपुढं धरला. पडद्यावर उशी दिसली, मग मानी. नाक तेवढं ओळखू येत होतं.

"मानी, मी आली व."

"कोन व्हय?"

"मी. तुई बाई." मानी थोरल्या बहिणीला बाईच म्हणायची.

"कुठं आहे?"

"कोपऱ्यावर. गाडीत. पाय नाही उचलून राह्यला माया, खुब्यात—"

आवाज तुटला, परत आला. मानी छताकडे बघत होती. "दारात येऊन आत नाही येत? मोठ्या गाडीची झाली बाई. तवाही नाही आली. आता मी सरल्यावर येजो."

"अवं हे पाह्य. हे पाह्य न." इंदूबाईंनी लुगडं मांडीवरून वर ओढलं, अर्पिताच्या हातातला मोबाईल धरून खुब्याकडे वळवला.

"आई! रस्ता आहे हा!" अर्पितानं मोबाईल हिसकला, लुगडं खाली ओढलं.

मोबाईलमधून खुशीचा आवाज आला, "मानीआजीनं भिंतीकडं तोंड केलं. आता ठेवू?"

थोड्या वेळानं नयन चपलेची माती झटकत आला. मागं मानीची सून चहाचा कप घेऊन उभी होती, तो त्यानं उभ्यानंच घोटभर घेऊन परत दिला. "चला. भेट झाली."

इंदूबाईंचा डावा पाय अजून गाडीबाहेर होता. नयन वाकला, तो पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला आणि दार लावलं.