चक्कर थांबेना तेव्हा

पहिली चक्कर आली तेव्हा मी बिबवेवाडीच्या घरात सकाळी पलंगावर कुशीला वळत होते. पंखा, खिडकी, कपाट, सगळं भिंतीसकट गरगरायला लागलं. अर्ध्या मिनिटात थांबलं, पण पलंगाची कड मी बराच वेळ सोडली नाही.

कानाच्या डॉक्टरांनी मला झटकन आडवं केलं, मान वळवून डोळे पाहिले. म्हणाले, "आतल्या कानातले बारीक कण जागचे हललेत. घाबरू नका." मान वळवण्याचा एक व्यायाम शिकवला आणि निघताना बजावलं, "पण चक्कर थांबेचना, बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हातापायातली ताकद गेली किंवा चालताच येईना, तर व्यायाम करत बसू नका. सरळ हॉस्पिटल गाठा."

मी मान डोलावली. त्यानेही गरगरलं, त्यामुळे त्यांचं बोलणं अर्धंच ऐकलं.

पुढच्या दोन वर्षांत चक्कर चारदा आली आणि व्यायामाने गेली. शनिवार पेठेतल्या शाळेत मी फळ्याकडे वळण्याआधी टेबल धरायला शिकले. नवरा म्हणायचा, "एकदा पुन्हा दाखवून ये." मी म्हणायची, "तेच सांगणार ते."

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मंडईत गेले. नेहमीच्या भाजीवालीपुढे उभी होते. मान हलवली नव्हती, वाकले नव्हते, तरी जमीन डावीकडे कलली. मनात आकडे मोजायला लागले. शंभर झाले तरी थांबेना. डाव्या हातातली पिशवी कधी पडली, कळलंही नाही.

"बाई, काय म्हणताय? कळंना झालंय," भाजीवाली म्हणाली.

मी तर स्पष्ट म्हणाले होते, पाव किलो गवार द्या. निदान मला तसं वाटत होतं.

"नेहमीचं आहे," मी कसंबसं म्हणाले. "घरी जाऊन व्यायाम करते."

"हे नेहमीचं न्हाई. माझ्या सासूचं असंच झालं, अन् आम्ही लिंबू-सरबत पाजत बसलो." तिने शेजारणीला गाळा बघायला सांगितला, माझ्याच फोनवरून नवऱ्याला कळवलं आणि मला धरून रिक्षात बसवलं. स्वतःही शेजारी बसली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "कधी सुरू झालं?" माझी जीभ वळेना. तिनेच सांगितलं, "सव्वाबाराला. घड्याळ बघून ठेवलंय मी."

एमआरआयच्या नळकांड्यात मी पाढे म्हणत पडले होते. सातचा पाढा मध्येच हरवला तेव्हा रडू फुटलं. वर्गात पुन्हा बोलता येईल का, एवढंच डोक्यात होतं.

तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. "वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. बोलणं चार दिवसांत सुधारलं. भिंत धरून चालणं मात्र दीड महिना सुटलं नाही.

आता रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घेते. गेल्या महिन्यात कूस बदलताना पुन्हा गरगरलं. काही सेकंदांतच थांबलं, तरी त्याच सकाळी दवाखाना गाठला. कानाचंच निघालं.

"उगाच आले का हो?" मी विचारलं.

"उगाच दहा वेळा या," डॉक्टर म्हणाले.

बाहेर नवरा रिक्षा थांबवून उभा होता. पायऱ्या उतरताना मी कठडा घट्ट धरला. सातचा पाढा पुटपुटले; जीभ नीट वळते का, हे मला अजूनही दर वेळी तपासावं लागतं.