लांगरी वासुदेवरावांची भाकर

वासुदेवराव फौजेत बंदूक घेऊन नव्हते, पळी घेऊन होते, ही गोष्ट सेलूच्या बाजारातून गावात आली की गावातून बाजारात गेली, यावर कधी एकमत झालं नाही. पंधरा वर्षं नोकरी, एकाहत्तरची लढाई, आणि एवढं करून माणूस म्हणे लांगरी. लांगरी म्हणजे फौजेतला स्वयंपाकी. गोळ्या झाडणारे दुसरे; हे त्यांच्यासाठी कांदे चिरत होते.

पुरावा रोज सकाळी गावासमोर होता. त्र्याहत्तर साली पेन्शनीवर घरी आले, आणि वर्षाच्या आत वासुदेवराव चुलीपुढं बसले ते बसलेच. बायको कोकिळा ओसरीवर. बाई धडधाकट. बोटांना चिंध्या गुंडाळून कापूस वेचायला सगळ्यांच्या पुढं, पण चुलीजवळ म्हणून दिसायची नाही.

"तिले धूर सोसत नाई," वासुदेवराव सांगत.

"धूर कोनाले सोसते वो?" शेजारची शकुबाई म्हणे. "मले का ऊद घातल्यासारखं वाटते?"

वासुदेवरावांची पहिली भाकर कुत्र्यानं हुंगली आणि उचलून नेली. खायला नाही, खेळायला. लांगऱ्याची भाकर अशी कशी, असं कोणी विचारलंच तर गावच परस्पर उत्तर देई, की फौजेत भाकर नसते, पोळी असते. पोळ्या कोणी पाहिल्या नव्हत्या. पण अफवेला एवढं सांभाळून घ्यावं लागतं.

हे दहा वर्षं चाललं आणि कोणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते चौऱ्याऐंशीत, नलूचं.

नलू त्यांची एकुलती एक. एकोणीस वर्षांची. पुलगावच्या गिरणीतला घनश्याम तिला मावसबहिणीच्या लग्नात दिसला होता. त्यानं पंगतीत तिला तीनदा जिलेबी वाढली, ती तिनं तीनदा खाल्ली, आणि अर्धं लग्न तिथंच उरकलं. उरलेलं अर्धं घनश्यामच्या काकांच्या हातात होतं. काका म्हणजे अण्णाजी, रिटायर सुभेदार. त्यांचा निरोप आला: "रविवारी येतो. फौजीची पोरगी असन तं करू. पळीवाल्याची असन तं चहा पिऊन परत."

नलूनं बापाला गाठलं. वासुदेवराव पीठ मळत होते.

"बाबा, पेटीत तुमचा फौजेचा बिल्ला आहे. कागद आहे. तो अण्णाजीच्या पुढं ठेवजा."

"कागद उंदरानं खाल्ला."

"काल तं मी पाह्यला."

"मंग आज खाल्ला."

"अन् बिल्ला? तोबी उंदरानंच खाल्ला?"

वासुदेवराव पीठ मळत राहिले.

"बरं, तं रविवारी चूल तरी माह्याकडं द्या. मी एवढी घोडी झाली अन् बाप भाकरी थापून राह्यला! काऊन हसं करून घेता?"

"नाई."

नलू दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी बापाच्याच हातची भाकर खाल्ली, कारण दुसरी नव्हती.

रविवारी अण्णाजी आले. मिशा अशा, की त्यांवर लिंबं ठेवावीत. सोबत घनश्याम आणि दोन बाया. न बोलावता शकुबाईही आली, "मदतीले" म्हणून. नलू दाराआड उभी राहिली. ओसरीवरून चूल दिसत होती, आणि चुलीपुढं वासुदेवराव.

अण्णाजींनी तिथूनच चौकशी सुरू केली.

"काहो, साठ जवानाले डाळ किती लागते?"

"पोटभर."

"अन् मीठ?"

"चवीपुरतं."

"फौजेत चव कवापासून आली?"

वासुदेवरावांनी तव्यावरची भाकर उलटली. नलूनं कपाळाला हात लावला. घनश्याम जमिनीकडं बघत होता. परतीची गाडी किती वाजताची, हे एका बाईनं दुसरीला विचारलंसुद्धा.

चहा तयार झाला. शकुबाईनं मदत म्हणून उकळत्या चहाचा स्टीलचा पेला काठोकाठ भरला आणि कोकिळाच्या हातात ठेवला. पाहुण्यांचे पेले पदरात, रुमालात धरलेले. कोकिळानं मात्र आपला मुठीत घेतला, माठातलं पाणी घ्यावं तसा, आणि पाहुणीला पावसापाण्याचं विचारू लागली.

वासुदेवराव चुलीपुढून उठले. पायानं जरा लंगडत, पण इतक्या वेगानं आले की शकुबाई बाजूला सरकली. त्यांनी कोकिळाच्या हातातून पेला काढून घेतला आणि घेताक्षणी टाकला. चहा अण्णाजींच्या धोतरावर. वासुदेवरावांचा पंजा लालबुंद. शकुबाई ओरडली, पाहुण्या ओरडल्या. कोकिळा सगळ्यांत शेवटी ओरडली.

अण्णाजींनी धोतर झटकलं नाही.

"लांगऱ्याले चटका लागते?" ते हळूच म्हणाले.

अण्णाजींनी कोकिळाच्या हाताकडं पाहिलं. मग वासुदेवरावांच्या पायाकडं. मग त्यांच्या तोंडाकडं, बराच वेळ.

"कोन्ती कंपनी?"

"लंगरखाना," वासुदेवराव म्हणाले.

शकुबाईची मान पुढं आली होती. अण्णाजी तिच्याकडं वळले आणि परेडवरच्या आवाजात म्हणाले, "आता ओळखलं मी याले! याच्या हातची डाळ खाल्ली आहे. लय बेकार डाळ. अख्खी पलटन रडे." मग घनश्यामला: "ऊठ. पाया पड. पोरगी पसंत आहे."

त्या वैशाखात लग्न झालं. खुद्द सुभेदारानं साक्ष दिल्यावर गावाला शंका उरली नाही, आणि वासुदेवराव लांगरी ते लांगरीच राहिले. नलूला बाकीचं आईनं सांगितलं, लग्नानंतर दोन वर्षांनी, पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली तेव्हा.

वासुदेवराव पायदळात होते. एकाहत्तर साली पायात गोळी लागली, पदक मिळालं, तोच पेटीतला बिल्ला. फौजेत त्यांनी एकदाही स्वयंपाक केला नव्हता. ते घरी आले त्याच वर्षी कोकिळाला महारोग निघाला. औषधाच्या गोळ्यांनी तो बरा झाला, बोटांची जाणीव परत आली नाही. तव्यानं हात भाजला तरी तिला कळत नसे. हे बाहेर पडलं असतं तर नलूला कोणी मागणी घातली नसती. चूल नलूच्या हाती दिली असती तर आई नुसती का बसते, असं लोकांनी विचारलं असतं. बाप भाकरी थापतो म्हटल्यावर लोक बापाकडंच बघतात. वासुदेवराव लांगरी होते, ही गोष्ट गावात पहिल्यांदा वासुदेवरावांनीच न्हाव्याला सांगितली होती.