अर्थ सांगा, मग तोडते

शनिवार पेठेतल्या टायपिंगच्या दुकानातल्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. ओळीच्या शेवटी इंग्रजी शब्द मावला नाही, की त्या तो लगेच तोडत नाहीत. आधी फाटका शब्दकोश उघडून अर्थ वाचतात, शब्द ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणतात आणि मगच मध्ये रेघ देतात.

परवा मी प्रबंध टाइप करून घ्यायला गेलो, तर माझ्या पुढे एक साहेब कंपनीचं माहितीपत्रक घेऊन उभे होते.

"अहो, कुठेही तोडा. तुम्हाला अर्थाशी काय करायचंय?" ते वैतागले. "मराठी मीडियम ना?"

"हो, दहावीपर्यंत. या शब्दाचा अर्थ सांगा, लगेच तोडते."

साहेबांनी गुपचूप मोबाईल काढला.

"मोबाईल कशाला? तुम्हीच लिहिलंय ना?"

"मी दुसरीकडे जातो."

"जा की. चौकात आहे एक दुकान. तिथे काही विचारत नाहीत."

साहेब कागद उचलून तरातरा निघून गेले. बाईंनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हं, तुमचं काय?"

मी प्रबंध पिशवीत परत ढकलला. "उद्या येतो," म्हटलं, "एकदा वाचून."