आयर्लंडची फुगडी

माळव्यातल्या आमच्या शहरात, फ्रीगंज भागात, घरोघरी केबलच्या वायरी शिरत होत्या, त्या दिवसांत मी बँकेत नवा नवा क्लार्क होतो आणि स्वतःला संगीतातला जाणकार समजत होतो. राम घाटावरच्या मेळ्यात घेतलेली बासरी आणि अर्धवट शिकलेले दोन राग, एवढ्यावर माझी जाणकारी उभी होती.

तेव्हा माझा थोरला मामेभाऊ कंपनीच्या ट्रेनिंगसाठी जपानला जाऊन आला. येताना त्याने माझ्यासाठी एक कॅसेट भरून आणली.

"व्हिडिओ गेमचं संगीत आहे," तो म्हणाला. "पण आयर्लंडच्या वादकांनी त्यांच्या गावाकडच्या वाद्यांवर वाजवलंय."

व्हिडिओ गेम म्हणजे मला टावर चौकातल्या दुकानातली टूंटूं ठाऊक. पण कॅसेट लावली आणि मी पार विरघळलो. व्हायोलिन, बासरी, आपल्या लग्नाच्या बँडात असते तशी, काखेतल्या पिशवीत हवा भरून वाजवायची मशकबीन! त्यातली एक धून ऐकून तर माझ्या डोळ्यांसमोर धुक्यातली टेकडी आली आणि तिच्यावर प्रियेच्या आठवणीनं व्याकुळ झालेला मेंढपाळ. खरे मेंढपाळ मी फक्त आगर रोडवर पाहिले होते, तेही बिडी ओढताना.

ती धून मी महिनाभर गच्चीवर घोटली आणि आमच्या इथल्या मराठी समाजाच्या गणपतीत वाजवायचं ठरवलं. तबल्याला बँकेतला माझा जोडीदार होता, पक्का माळव्याचा. "भिया, आप तो बजाओ, मैं सँभाल लूँगा," असं त्याने मला सांगितलं होतं.

वाजवण्याआधी मी भाषण केलं. आयर्लंडची हिरवी कुरणं, विरह, मानवी दुःखाची एकच भाषा, सगळं. पहिल्या रांगेतले एक काका मध्येच म्हणाले, "अरे, आता वाजव की!"

मी डोळे मिटून अगदी संथ सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला माझा दम संपला. मी थांबलो, पण तबला थांबेना. मला सँभाळायचं म्हणून त्याने दादरा धरला आणि लय चढवली. त्याच्या मागे फरफटत मी वाजवत राहिलो. तेवढ्यात टाळ्या ऐकू आल्या. डोळे उघडून पाहतो तो, दोन काकू पदर खोचून फुगडी घालत होत्या. मग चार झाल्या. मग माझी आईसुद्धा उठली.

मला भयंकर राग आला. बासरी खाली ठेवली, तर आई फिरता फिरता ओरडली, "अरे थांबतोस काय, चालू दे!"

चेहरा होता होईल तेवढा दुःखी ठेवून मी वाजवत राहिलो. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर परत फर्माईश आली, "ती फुगडीची धून होऊन जाऊ दे."

दिवाळीला मामेभाऊ घरी आला. जेवताना मी त्याच्यापाशी तक्रार केली, की या लोकांना मेंढपाळाचं दुःख कळत नाही.

"कुठला मेंढपाळ?" तो म्हणाला. "गेममध्ये हिरो दुकानात शिरतो ना, औषधं आणि तलवार घ्यायला, तेव्हा वाजतं ते."

आई त्याला पोळी वाढत म्हणाली, "मग बरोबर आहे. बाजारात गेल्यावर कोण रडतं?"

पुढच्या गणपतीत समाजाच्या लोकांनी आग्रहाने मला बोलावलं. भाषण मात्र करायचं नाही, अशी अट घातली.