खारीएवढं माकड आणि पाठीवरची जुळी

“मला आज बाहेर ने. कुठेही,” रविवारी सकाळी प्रज्ञा म्हणाली. “उद्यापासून ऑफिस. सहा महिन्यांत मी फक्त डॉक्टर पाहिलेत.”

सुजात आणि मैत्री, आमची जुळी, तिच्या मांडीवर होती. नागपूरहून सासूबाई यायला अजून पंधरा दिवस होते. तोवर बाळांना कोण सांभाळणार, या प्रश्नावर मी आठवडाभर “बघू यार” म्हणत होतो.

प्राणिसंग्रहालय ठरलं. फरीदाबादहून मेट्रोच्या व्हायोलेट लाइनने खान मार्केट, तिथून ऑटोचे ऐंशी रुपये. शुक्रवारी बंद असतं. आत डबा नेऊ देत नाहीत. बाळांच्या दुधाला मात्र कुणी अडवलं नाही. माझी पाठ दुखत असल्याने मी डायपरची बॅग घेतली. प्रज्ञाने एक बाळ पोटाशी बांधलं, दुसरं कडेवर.

मार्मोसेटच्या पिंजऱ्याशी मी खार समजून पुढेच निघालो होतो. एवढंसं माकड, कानांवर पांढरे झुपके. पाठीवर दोन चिमुकली पिल्लं.

“आई ती आई!” मी भारावून म्हणालो.

झाडू मारणारे काका थांबले. “मम्मी नहीं सर, पापा है. मम्मी वो रही.”

मम्मी वरच्या फांदीवर साल कुरतडून निवांत डिंक चाटत होती.

“दूध पिलाने के टाइम लेती है. बाकी दिन भर यही ढोता है. हर बार जुड़वाँ ही होते हैं जी, ज़्यादातर.”

“भैया, इसकी पीठ नहीं दुखती?” प्रज्ञाने विचारलं.

“आज तक बोला तो नहीं.”

पुढच्या मिनिटाला दोन्ही बाळं माझ्याकडे होती. वाघापर्यंत पोचेतो माझा शर्ट दोन्हीकडून ओला झाला. प्रज्ञा मागून कुल्फी खात येत होती. एका बाकावर टेकून मी साहेबांना फोन लावला.

“सर, पंद्रह दिन की छुट्टी चाहिए. जुड़वाँ बच्चे हैं.”

“वो तो छह महीने से हैं!”

“हाँ सर. मुझे आज पता चला.”

बराच वेळ हसून त्यांनी दहा दिवस दिले, उरलेले बिनपगारी.

वाघ कसा होता, आता आठवत नाही. तो बाप आठवतो. पिल्लं पाठीवर घेऊन तो या फांदीवरून त्या फांदीवर जात होता, आणि कुणी आपल्याकडे बघतंय का, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

सोमवारी प्रज्ञा लिफ्टपर्यंत गेली, परत आली, दोघांच्या टाळूचा वास घेऊन पुन्हा गेली. साडेअकराला तिचा फोन.

“रडतायत?”

“झोपलेत दोघं.” मी अभिमानाने सांगितलं.

मग हळूच, “एकाला उठव ना. आवाज ऐकायचाय.”

मी सुजातला उठवलं. मैत्री त्याच्या आवाजाने उठली.